आकाश कोण लावतं?

"आकाश वाढलंय!"

बोळातून हॉलच्या तोंडाशी पोचताच आयुष ओरडला. त्याच्या एका पायातली चप्पल निघाली होती, दुसरी तशीच होती.

"हळू! खालचे लोक दुपारचे झोपलेत," म्हणत आम्रपालीने आपल्या धाकट्या भावाला आत ढकललं. तिच्या मागून यज्ञेश्वर आला आणि त्याने दार लावून घेतलं. "आणि आकाश कसं वाढेल रे? ते काय गवत आहे?"

"मग ये आणि बघ ना!"

हॉलच्या मधोमध फरशीवर प्लायवूडची एक मोठी फळी होती आणि तिच्यावर अर्धवट जुळलेलं चित्र. हजार तुकड्यांचं जिगसॉ! आम्रपालीच्या अनिरुद्धमामाने ते मागच्या खेपेला अमेरिकेहून आणलं होतं. मामा हिंजवडीत सॉफ्टवेअर इंजिनिअर होता आणि आता कंपनीने त्याला वर्षभरासाठी पुन्हा तिकडे पाठवलं होतं. विश्रांतवाडीच्या मैत्रेय सोसायटीत बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर त्याचा हा फ्लॅट होता. आम्रपाली आणि आयुष ए विंगमध्ये राहायचे, यज्ञेश्वर त्यांच्या शेजारी. रोज दुपारी तिघांनी जाऊन मामाच्या कुंड्यांना पाणी घालायचं, एवढंच आईने सांगितलं होतं. पण कुंड्यांना पाणी घालायला किती वेळ लागतो? उरलेली सगळी दुपार जिगसॉची!

घरी ते मांडायची सोय नव्हती. मांडलं की लगेच कोणाचं तरी ताट यायचं किंवा कोणाचा तरी पाय पडायचा. इथे मात्र राज्य त्यांचंच होतं. आतली खोली तेवढी कुलूपबंद होती. मामाने सामान ठेवून कुलूप लावलं असणार, असं त्यांनी आपलं गृहीत धरलं होतं.

तिघं फळीभोवती उकिडवे बसले. खाली निळं तळं, तळ्यात लाल होडी, काठावर फुलांच्या खिडक्यांची घरं, मागे बर्फाचा डोंगर. आणि त्याच्या वर नुसतं आकाश! एक ढग नाही, एक पक्षी नाही. शेकडो तुकडे, सगळे एकाच निळ्या रंगाचे. तो भाग बघितला की यज्ञेश्वरला रडू यायचं.

"काल आकाशाची फक्त वरची कड होती," आयुष म्हणाला. "आणि आता हे बघा!"

खरंच, वरच्या डाव्या कोपऱ्यातून आकाश चांगलं वीतभर खाली उतरलं होतं.

आम्रपालीने यज्ञेश्वरकडे पाहिलं. यज्ञेश्वरने आम्रपालीकडे पाहिलं.

"तू आलीस सकाळी एकटी!"

"मी? मी तुझ्याबरोबर पोहायच्या क्लासला होते! तूच आला असशील."

"मी आलो असतो तर आकाश लावलं असतं का? मी होडी लावली असती!"

हे म्हणणं बिनतोड होतं. यज्ञेश्वरला होडीचं वेड होतं आणि आकाशाचे तुकडे तो बोटाने लांब सरकवायचा, ताटातल्या कारल्यासारखे.

दोघांनीही आयुषकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नका! मला कडेचेसुद्धा जमत नाहीत."

"मग आई आली असेल," आम्रपाली म्हणाली. पण संध्याकाळी विचारलं तर आई म्हणाली, "मला मेलीला ऑफिसातून आल्यावर पाठ टेकायला वेळ नाही आणि मी तुमची कोडी सोडवू? दुसरी किल्ली? ती मामाकडेच असणार. आता उठा, कैऱ्या किसायच्यात. मंडईतून उगाच एवढ्या आणून ठेवल्या मी!"

दुसऱ्या दिवशी तिघं धावतच गेले. आकाश आणखी वाढलं होतं. एवढंच नाही, आयुषने काल कंटाळून एक तुकडा भलत्याच खाचेत ठोकून बसवला होता, तो निघून आपल्या योग्य जागी गेला होता!

"भूत," आयुष हळूच म्हणाला.

"भुताला कशाला हवंय जिगसॉ?"

"त्यालाही सुट्टी असेल."

यज्ञेश्वर टीव्हीपाशी गेला. टीव्ही जागेवर. मामाचा कॅमेरा कपाटात, जागेवर. भिंतीवरचं घड्याळ जागेवर. "चोर असता तर काहीतरी नेलं असतं. हा काही नेत नाही, उलट देऊन जातो! असला कसला चोर?"

आम्रपालीचं डोकं गरगरायला लागलं. आणि खरं सांगायचं तर तिला रागही आला होता. आकाश कितीही कंटाळवाणं असलं तरी ते त्यांचं होतं! एखादा तुकडा तासभर शोधायचा, पंधरा ठिकाणी लावून बघायचा, चिडायचं, उठून पाणी प्यायचं, परत बसायचं आणि मग अचानक तो 'टक्' करून बसायचा. तो 'टक्' कोणीतरी परस्पर पळवत होतं. चोरी नाही तर काय ही?

त्यांनी सोसायटीचे सेक्रेटरी श्रीधरकाका यांना गाठलं. काका जिन्याखाली पाण्याच्या मोटारीकडे बघत उभे होते.

"काका, मामाच्या फ्लॅटमध्ये कोणीतरी येतं!"

"काय गेलं?"

"काही नाही. पण... आकाश वाढलंय."

काकांनी चष्म्यावरून तिघांकडे पाहिलं. "म्हणजे चोर येतो, काही नेत नाही आणि तुमचं कोडं सोडवून जातो. असं ना? मग त्याला आमचा पत्ता द्या. आमच्याकडे माळा आवरायचा राहिलाय." आणि ते पुन्हा मोटारीकडे वळले.

"चला," आम्रपाली दात-ओठ खात म्हणाली. "मोठ्यांचं हे असंच. आता आपणच बघू!"

त्या दुपारी त्यांनी भिंग घेऊन फळी तपासली. आणि सापडलं! आकाशाच्या एका तुकड्यावर तपकिरी गोल डाग होता. आयुषने नाक लावलं.

"चहा! आलं घातलेला!"

"भूत चहा पीत नाही," यज्ञेश्वर म्हणाला. त्याचा आवाज नुकताच फुटायला लागला होता. 'भूत' जाडसर आलं आणि 'नाही' एकदम चिरकलं. "आपण दुपारी इथे असतो. म्हणजे जो कोणी आहे तो सकाळी येतो. आपण पोहायला जातो तेव्हा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहायच्या पिशव्या खांद्याला लावून तिघं घरातून निघाले आणि गुपचूप बी विंगचा जिना चढले. तिसऱ्या मजल्याच्या वर फक्त गच्चीचा जिना होता. तिथल्या पायऱ्यांवर ते दबा धरून बसले. पत्र्याखाली उकडत होतं. आयुषला दोनदा शिंक आली, दोन्ही वेळा आम्रपालीने त्याचं नाक दाबलं.

खूप वेळाने मामाच्या फ्लॅटचं दार आतून उघडलं.

बाहेर आली एक मुलगी! वीस-बावीस वर्षांची असेल. पाठीवर सॅक, ओले केस, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. तिने दार ओढलं, खिशातून किल्ली काढली आणि अगदी स्वतःच्या घराला लावावं तसं शांतपणे कुलूप लावलं.

"थांबा!" आम्रपाली ओरडली.

मुलगी दचकली. किल्ली हातातून पडली. "बापा! कोण तुम्ही? काय करून राहिले इथं?"

"तुम्ही काय करताय? हे माझ्या मामाचं घर आहे!"

"तुमच्या मामाचं..." ती गोंधळली. मग तिचा चेहरा एकदम फुलला. "म्हणजे तुम्हीच का ती मुलं? होडीवाली?"

आता गोंधळायची पाळी तिघांची होती. चोराला पकडल्यावर चोराने हसायचं नसतं!

"मी श्रद्धा," ती म्हणाली. "भंडाऱ्याची आहे. इथं भाड्यानं राहते ना मी, आतल्या खोलीत. बद्रीनाथभाऊंनी दिली खोली."

एजंट बद्रीनाथ सगळ्यांना माहीत होता. नाक्यावर त्याचं छोटं ऑफिस होतं.

"भाड्याने?" यज्ञेश्वरचा आवाज पार चिरकला. "पण मामाने घर भाड्याने दिलेलंच नाही!"

श्रद्धाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि तुटक तुटक सांगू लागली. हिंजवडीच्या कॉल सेंटरमध्ये तिला नोकरी लागली होती. दुपारी कंपनीची जीप न्यायला यायची, रात्री उशिरा सोडायची. एकट्या मुलीला कुठली सोसायटी घर देईना. बद्रीनाथने ही खोली दाखवली आणि बजावलं, 'दुपारी मालकांची भाचरं खेळायला येतात, त्यांच्यासमोर पडू नको. सोसायटीत कोणाशी बोलू नको. वॉचमन विचारेल तर मालकांची भाची म्हणून सांग.'

"भाची तर मी आहे!" आम्रपाली म्हणाली.

"मले काय माहीत?" श्रद्धाचे डोळे भरून आले. "मला वाटलं, मालकांना सगळं ठाऊक आहे. आता काय, पोलिसात द्याल मला? घरी काय सांगू मी? बाबा तर नोकरीलाच नाही म्हणत होते."

आम्रपालीला काय करावं कळेना. दोन दिवस जिच्यावर ती चिडली होती, ती ही अशी! चोर नाही, भाडेकरू नाही, पाहुणीही नाही. मग कोण?

आयुषने मात्र त्याला सगळ्यात महत्त्वाचं वाटत होतं ते विचारलं. "पण तुम्ही आमचं आकाश का लावलंत?"

श्रद्धा ओशाळली. "मी असलं कोडं कधी बघितलंच नव्हतं. पहिल्या सकाळी चहा घेऊन नुसती बघत बसली. मग एक तुकडा हातात घेतला, आणि काय सांगू, उठवेचना! पण होडी आणि घरं तुमच्यासाठी ठेवली हं. छान छान भाग घेतला असता तर तुम्हाला वाईट वाटलं असतं. म्हणून मी आकाशच लावत गेली."

आम्रपालीचा राग कुठल्या कुठे गेला.

खाली जीपचा हॉर्न वाजला. श्रद्धा डोळे पुसून उठली. "मी आज रात्री सामान भरते. उद्या जाते."

"अजिबात नाही," आम्रपाली म्हणाली. "तुम्ही गेलात तर सगळं तुमच्यावरच येईल! बद्रीनाथ म्हणेल, हिनेच किल्ली चोरली. मोठी माणसं त्याचंच ऐकतील, आमचं कधी ऐकत नाहीत. तो काय करतो ते त्याच्याच तोंडून सगळ्यांना ऐकवायला हवं."

"कसं?" यज्ञेश्वरने विचारलं.

"तू बोलणार. तुझा आवाज मोठ्या माणसासारखा झालाय ना?"

"अधूनमधून!"

अधूनमधून का होईना, दुसरा पर्याय नव्हता. नाक्यावरच्या पीसीओच्या काचेच्या खोलीत तिघं कोंबून उभे राहिले. यज्ञेश्वरने घसा खाकरला आणि नंबर फिरवला.

"हॅलो! बद्रीनाथ? मला फ्लॅट हवाय. भाड्याने. विश्रांतवाडीतच, मैत्रेय सोसायटी मिळाली तर बरं. सामानासकट."

"आहे ना साहेब! एकच आहे तसा. आपलं नाव?"

नाव! नावाचा विचार कोणीच केला नव्हता. यज्ञेश्वर घामाघूम झाला आणि जे पहिलं तोंडात आलं ते बोलून गेला. "नागोराव!"

आम्रपालीने कपाळावर हात मारला. नागोराव हे त्याच्या आजोबांचं नाव होतं!

"नागोराव साहेब, रविवारी सकाळी अकराला या. दुपारी नको. तुमचा आवाज बसलाय का हो?"

"एसी!" यज्ञेश्वर चिरकला. "ऑफिसात एसी फार आहे!" आणि त्याने धाडकन फोन ठेवला.

आता नागोराव आजोबांना सगळं सांगणं भागच होतं. आजोबांनी कानामागे हात धरून सगळं ऐकलं, दोन ठिकाणी परत सांगायला लावलं आणि शेवटी विचारलं, "म्हणजे मी एसी ऑफिसातला साहेब व्हायचं?"

"साहेबाचे वडील झालात तरी चालेल, आजोबा!"

"मग कोट घालतो," आजोबा म्हणाले. मे महिना होता, पण ते ऐकेनात.

श्रद्धाचा अजूनही बद्रीनाथवर थोडा विश्वास होता. कदाचित काही गैरसमज असेल, असं ती म्हणत होती. पण शुक्रवारी तिला त्याचा फोन आला. 'रविवारी सकाळी बाहेर जा. झुरळांचं औषध मारायला माणसं येणार आहेत.' तिने हे मुलांना सांगितलं. मग ती म्हणाली, "मी कुठ्ठं जाणार नाही."

मधल्या सकाळी तिघांनी पोहायला दांडी मारली आणि चौघांनी मिळून जिगसॉचा फडशा पाडला. श्रद्धाताईची एक युक्ती होती. रंग बघायचाच नाही, नुसता आकार बघायचा. दोन कानांचे तुकडे एकीकडे, तीन कानांचे दुसरीकडे. 'टक्, टक्' ऐकून आयुष आनंदाने नाचायचा. मग एखादा तुकडा अर्धा तास कुठेच बसायचा नाही आणि चौघंही एकमेकांवर खेकसायचे.

रविवारी सकाळी आम्रपालीने आईला आणि श्रीधरकाकांना आग्रहाने बोलावून आणलं. "शेवटचे थोडे तुकडे राहिलेत. तुमच्यासमोर लावायचेत!"

"रविवारची सकाळ," काका फळीकडे बघत म्हणाले. "पोहे सोडून आलोय. चित्र बरं आहे. तयार चित्रच विकत घेतलं असतं तर एवढा उपद्व्याप वाचला असता."

"तुम्ही पोहायला का नाही गेलात?" आईने विचारलं. "आणि दार का लावलं? काय चाललंय काय?"

तेवढ्यात बाहेर कुलपात किल्ली फिरली.

"शूऽऽ!" आयुषने ओठांवर बोट ठेवलं. "आई, प्लीज! काका, प्लीज! एकच मिनिट!"

त्याचा चेहरा इतका काकुळतीला आला होता की दोघंही नकळत गप्प झाले. दार उघडलं. दारानंतर छोटा बोळ होता, तिथून हॉल दिसत नसे.

"या नागोराव साहेब, या," बद्रीनाथचा आवाज आला. "कोट छान आहे. तर हा फ्लॅट. मालक अमेरिकेत. वर्षभर फिरकत नाही."

"काय म्हणता?" आजोबांना खरंच ऐकू आलं नव्हतं. बद्रीनाथ दुप्पट मोठ्याने बोलला.

"मालक अमेरिकेत आहे! त्याला कळायचा प्रश्नच नाही!"

"पण त्याची परवानगी?"

"घ्यायची कशाला? किल्ली मागे माझ्याकडे दिली होती, मग त्याचा विचार बदलला, पण किल्ली परत न्यायला विसरला! बहिणीलाही पत्ता नाही!"

"आणि आत कोणी राहतं का?"

"एक मुलगी ठेवलीय तात्पुरती. तिला काय, उद्या सांगायचं, मालक आले, निघ. बाहेरगावची आहे, कोणाकडे जाणार तक्रार करायला?"

आईचा चेहरा लाल झाला होता. श्रीधरकाकांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

बद्रीनाथ हसत हसत हॉलमध्ये आला आणि जागच्या जागी थिजला.

"या," काका म्हणाले. "आम्हालाही दाखवा फ्लॅट. आम्ही फक्त सोसायटीचे सेक्रेटरी. आम्हाला कोण सांगणार?"

"मी... चुकून... मला वाटलं सी विंग..." बद्रीनाथ मागे सरकू लागला. तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि श्रद्धा बाहेर आली.

"झुरळांचं औषध मारायला कोणी आलं नाही, भाऊ," ती म्हणाली. तिची मान ताठ होती. "म्हणून मी थांबली."

तिला पाहून बद्रीनाथ बावचळला. एक पाऊल मागे, दुसरं आणखी मागे, आणि त्याची टाच फळीच्या कडेवर पडली. फळी उसळली! तळं, होडी, घरं, डोंगर आणि ते सगळं आकाश हवेत उडालं आणि खळाखळा फरशीभर पसरलं.

आयुषचा खालचा ओठ थरथरू लागला.

"किल्ल्या," श्रीधरकाका हात पुढे करून म्हणाले. त्यांचा आवाज इतका थंड होता की बद्रीनाथने मुकाट्याने फ्लॅटची आणि आतल्या खोलीची अशा दोन्ही किल्ल्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या. "आता आपण दोघं चौकीवर जाऊ. वाटेत सांगा, अजून कोणाकोणाचे मालक अमेरिकेत आहेत." आणि नागोराव आजोबांना सोबत घेऊन ते त्याला घेऊनच गेले.

मग आईने श्रद्धाला सगळं विचारलं. नीट, हळूहळू, मधेच पाणी देऊन. सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, "अनिरुद्ध मला म्हणाला होता, त्या एजंटकडून किल्ली घेऊन ठेव. मला वाटलं, त्यानेच घेतली. त्याला वाटलं, मी घेतली. आणि ही दोघं विचारायला आली तर मी त्यांना कैऱ्या किसायला बसवलं!" तिने आम्रपालीला आणि आयुषला जवळ ओढलं. "मला न सांगता एवढा उद्योग केलात म्हणून मला राग आलाय. आणि अभिमानही वाटतोय. यातलं आधी काय करावं, तेच मला कळत नाहीये!"

तिने मामाला फोन लावला. तिकडे मध्यरात्र होती. झोपेतल्या मामाला काही केल्या उलगडेना. "कोण श्रद्धा? आकाश कोणी लावलं? ताई, माझं घर आहे ना जागेवर?" शेवटी आईने सगळं पहिल्यापासून सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ हसत राहिला. मग म्हणाला, घर रिकामं ठेवण्यापेक्षा श्रद्धाने तिथे रीतसर राहावं, हवं तर एखादी मैत्रीण सोबतीला घ्यावी.

"सोसायटी एकट्या मुलींना परवानगी देत नाही," श्रद्धा हळूच म्हणाली.

"सोसायटी म्हणजे श्रीधरकाका," आई म्हणाली. "येऊ देत त्यांना परत. मी बघते!"

काका परतले तेव्हा हॉलमध्ये सगळे गुडघ्यांवर बसून तुकडे वेचत होते. नागोराव आजोबांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि तेही खाली बसले. आईने काकांना परवानगीचं विचारलं. आज ती ज्या आवाजात विचारत होती, त्या आवाजाला नाही म्हणण्याची हिंमत काकांच्यात नव्हती.

"बैठकीत मांडतो," ते म्हणाले. "कोणी विरोध केला, तर त्याला या घरात आणून आकाश लावायला बसवतो." मग इकडेतिकडे बघून तेही मांडी घालून बसले आणि एक निळा तुकडा उचलला. तो त्यांनी इकडे लावून पाहिला, तिकडे लावून पाहिला. कपाळावर आठ्या चढल्या. पोह्यांची वेळ केव्हाच टळली होती, जेवणाचीही टळली, तरी काका हलेनात.

"हा तुकडा कंपनीने चुकीचा दिलाय," शेवटी त्यांनी जाहीर केलं.

आयुषने त्यांच्या हातातून तो अलगद घेतला, फिरवला आणि ठेवला.

टक्!

"उलटा धरला होतात, काका."

काकांनी तुकड्याकडे पाहिलं. मग तिन्ही मुलांकडे. "हुशार आहात," ते म्हणाले. "फार हुशार. पण मी असं म्हणालो, हे बाहेर कुठे बोलू नका!"